रोखे जाळणारी गावे आता शांत का आहेत?

भीमथडीकर:

माझे आजोळ सुप्याजवळ आहे. हे सुपे आज बारामती तालुक्यात येते, पूर्वी ते भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी, बाजारच्या दिवशी, तेथे जमलेले शेतकरी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चालून गेले. त्यांना हवे होते ते कागद: कर्जरोखे, गहाणखते, कोर्टाचे हुकूमनामे. ज्या सावकारांनी ते निमूटपणे काढून दिले त्यांना सहसा पुढे त्रास झाला नाही. ज्यांनी नकार दिला त्यांच्या घरांत शिरून लोकांनी दप्तरे बाहेर ओढली आणि गावादेखत जाळली. काही आठवड्यांत हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या तीसहून अधिक गावांत पोहोचले. सरकारने फौज आणली, साडेनऊशेच्या आसपास लोक पकडले आणि त्यांपैकी सुमारे पाचशे जणांना शिक्षा झाल्या.

आता दुसरे चित्र पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या ११,२९० शेतकरी आणि शेतमजुरांनी आत्महत्या केल्या आणि त्यांतल्या ४,२४८ एकट्या महाराष्ट्रातल्या होत्या. हे दर वर्षी घडते आहे. मला जाळपोळ हवी आहे असा कृपया कोणी अर्थ काढू नये. पण ज्या मुलखाने एकदा आपल्या कर्जाचा राग सगळ्यांच्या देखत बाहेर काढला, त्याच मुलखात तो राग आता घराच्या आत, एकट्या माणसावर का उलटतो, हा प्रश्न मला अनेक वर्षे छळतो आहे. आधुनिक समाज सामूहिक उठाव का करत नाहीत, यावर आपण नेहमी फ्रान्स आणि रशियाच्या गोष्टी बोलतो. मला तो प्रश्न माझ्या आजोळच्या शिवारात उभा राहून विचारायचा आहे.

नेहमीचे उत्तर असे असते की लोक सुस्तावले आहेत, मोबाइल आणि मालिका यांत रमले आहेत. हे उत्तर मला मान्य नाही आणि ते ऐकून दुःख होते. दुबार पेरणीसाठी ज्याने बायकोचे डोरले गहाण टाकले आहे, त्याला सुस्त म्हणण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. दुसरे उत्तर असे की आता पोट भरते, त्यामुळे बंड होत नाही. यात काही तथ्य आहे, परंतु १८७५ चे लोकही उपाशी होते म्हणून उठले नव्हते. खरा मोठा दुष्काळ त्यानंतर, १८७६ ते १८७८ मध्ये पडला, माणसे अक्षरशः वाटेवर मेली, आणि त्या वेळी सुप्यासारखा उठाव झाला नाही. पोट रिकामे असलेला माणूस आधी अन्नाच्या वाटेला लागतो.

मग १८७५ साली वेगळे काय होते? इंदापूर तालुक्यात १८३६ साली नवी जमाबंदी झाली होती आणि तिची तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ च्या सुमारास सारा मोठ्या प्रमाणात वाढवण्यात आला. त्याआधी १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात इंग्लंडला आपला कापूस हवा होता, त्यामुळे भाव चढले, सावकारांनी हात सैल सोडला आणि कुणब्यांनी कर्जे काढली. युद्ध संपले, भाव कोसळले, सारा मात्र वाढला आणि नेमक्या त्याच वेळी सावकाराने नवी उचल देणे बंद केले. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साधा कर्जरोखा तीन वर्षांपुरताच ग्राह्य धरला होता. कुळाचे रक्षण व्हावे हा त्यामागचा हेतू, पण प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिसळून नवा रोखा लिहिला जाऊ लागला आणि त्यावर पुन्हा अंगठा घेतला जाऊ लागला.

या सगळ्याची एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. संकट सगळ्यांवर एकाच हंगामात आले, कर्ज देणारा त्याच गावात राहत होता आणि कर्जाचा कागद त्याच्या घरातल्या पेटीत होता. साध्या रोख्याची दुसरी प्रत सहसा कोठे नसे. तो जाळला की दावा करण्याचा आधारच जात असे. म्हणजे त्या जमावाने केलेली गोष्ट रागाची होती तशीच हिशेबाचीही होती. माझे मत असे झाले आहे की लोक दुःख असह्य झाले म्हणून उठत नाहीत. आपले आणि शेजाऱ्याचे दुःख एकाच पेटीत बंद आहे आणि ती पेटी आपल्या हाताच्या अंतरावर आहे, हे दिसले की ते उठतात.

आधुनिक व्यवस्थेने ती पेटी फोडून तिचे शेकडो तुकडे केले आहेत. एकाच शेतकऱ्याचे पीककर्ज विकास सोसायटीत, ट्रॅक्टरचे कर्ज फायनान्स कंपनीत, सोने पतसंस्थेत, खताची उधारी कृषी सेवा केंद्रात आणि लग्नाचे पैसे कोणा पाहुण्याकडून हातउसने घेतलेले असतात. सातबाऱ्यावरचा बोजा संगणकात आहे. हप्त्याची तारीख शेजाऱ्याची वेगळी आणि आपली वेगळी. मदत मिळते तीसुद्धा अशाच तुकड्यांनी. पैसेवारी, म्हणजे पिकाच्या उताऱ्याचा सरकारी अंदाज, पन्नास पैशांच्या आत आली तर गावाला दुष्काळी सवलती, नाहीतर नाही. पीकविम्याचा हिशेब होतो तो महसूल मंडळ धरून, त्यामुळे ओढ्याच्या अलीकडच्या गावाला भरपाई मिळते आणि पलीकडच्या गावाला मिळत नाही. दोन्ही गावांतले सोयाबीन त्याच आठवड्यात करपलेले असते.

यात कोणाचा कट आहे असे मी म्हणत नाही. काही तुकडे तर आपण लढून मिळवलेले आहेत. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसे दगड फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेली, आणि त्यातून वि. स. पागे यांच्या आग्रहाने रोजगार हमीची योजना उभी राहिली. तिच्या खर्चासाठी १९७५ साली शहरातल्या नोकरदारांवर व्यवसाय कर बसला आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. एका राज्याने कामाचा हक्क कायद्याने मान्य करावा, ही मोठी गोष्ट होती. तिच्यामुळे माणसे जगली, आणि जी माणसे उद्या कदाचित कचेरीवर चालून गेली असती ती हजेरीपत्रकावर आली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

आपापल्या गावात राग आज कोठे जातो, हे ज्यांनी जवळून पाहिले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

निवृत्त गटसचिव:

मी नगर जिल्ह्यात विकास सोसायट्यांचा गटसचिव म्हणून काम केले. आपण म्हणता ते तुकडे मी माझ्या हाताने वहीत लिहिलेले आहेत, म्हणून लिहितो आहे.

१८५९ च्या मुदतीच्या कायद्याबद्दल आपण जे लिहिले ते वाचून मी थबकलो, कारण आमच्याकडे प्रत्येक मार्चमध्ये हेच चालते. आम्ही त्याला नवे-जुने करणे म्हणतो. ३१ मार्चच्या आत कर्ज भरले तर व्याजाची सवलत मिळते आणि लगेच नवे कर्ज उचलता येते. शेतकऱ्याकडे त्या महिन्यात पैसे नसतात. तो आठ-दहा दिवसांसाठी खासगी माणसाकडून रक्कम आणतो, सोसायटीत भरतो, नवे कर्ज उचलतो आणि त्यातून त्या खासगी माणसाचे पैसे आठवड्याच्या व्याजासकट परत करतो. कागदोपत्री तो नियमित कर्जदार असतो. प्रत्यक्षात त्याचे मुद्दल वर्षानुवर्षे जागचे हललेले नसते. सावकार गेला असे आपण समजतो, पण सहकाराच्या दोन पावत्यांच्या मधल्या फटीत तो बसलेला आहे.

आता उठावाचे. एका गावात दोनशे सभासद असतील तर त्यांत दोन गट आपोआप पडतात, थकबाकीदार आणि नियमित भरणारे. २००८ ची केंद्राची कर्जमाफी, २०१७ ची राज्याची दीड लाखापर्यंतची कर्जमाफी, २०१९ अखेरची दोन लाखांपर्यंतची कर्जमाफी, या तिन्हींच्या याद्या मी चावडीवर लावलेल्या आहेत. प्रत्येक वेळी नियमित भरणारा माणूस माझ्यासमोर येऊन एकच प्रश्न विचारत असे की प्रामाणिकपणे भरले हा माझा गुन्हा झाला का? त्याला प्रोत्साहन म्हणून २०१७ साली पंचवीस हजारांपर्यंत आणि पुढे पन्नास हजारांपर्यंत रक्कम देऊ झाली, पण तोवर त्याचे मन शेजाऱ्याविरुद्ध गेलेले असे. २००८ साली दोन हेक्टरची अट होती. कोरडवाहू भागात पाच हेक्टर असलेला माणूस बागायती दोन हेक्टरवाल्यापेक्षा गरीब असतो, हे ठाऊक असूनही संपूर्ण माफी त्या अटीत अडकली.

मी त्या याद्यांसमोर उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे विसरलेलो नाही. ते संतापलेले असत, पण प्रत्येकाचा संताप स्वतःच्या नावापुढच्या रकान्याविषयी असे. आधार क्रमांक जुळत नाही, खाते संयुक्त आहे, कुटुंबातल्या दुसऱ्याला लाभ मिळाला आहे, अशा तक्रारी घेऊन प्रत्येक जण वेगळा तालुक्याला जात असे. एकाच यादीतली शंभर माणसे शंभर अर्ज करतात, तेव्हा त्यांचा मोर्चा होत नाही, रांग होते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. सोसायटीचा चेअरमन हा आपल्याच भावकीतला असतो. वसुलीची नोटीस त्याच्या सहीने निघते आणि संध्याकाळी तोच पारावर शेजारी बसलेला असतो. मारवाड्याच्या पेटीवर चालून जाणे एक आणि चुलत्यावर चालून जाणे दुसरे.

---

दक्षिणायन:

धाग्याचा मूळ दावाच मला तपासून पाहावासा वाटतो. क्रांत्या खरोखर दुर्मीळ झाल्या आहेत का? ९ जुलै २०२२ रोजी कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले आणि त्याच आठवड्यात राष्ट्राध्यक्षांनी देश सोडून राजीनामा पाठवला. ५ ऑगस्ट २०२४ रोजी ढाक्यात शेख हसीना यांना पद सोडून निघून जावे लागले. या दोन्ही देशांत मोबाइल होते, निवडणुका होत होत्या, बँका होत्या, जाती-धर्माचे भेद होते. तरीही लोक उठले. मग तुकड्यांचा सिद्धांत तेथे का लागू पडला नाही?

---

भीमथडीकर:

दक्षिणायन, आपला प्रश्न योग्य आहे. ढाक्याविषयी मी बोलणार नाही, कारण तेथला विद्यार्थ्यांचा इतिहास निराळा आहे आणि त्याचा माझा पुरेसा अभ्यास नाही. श्रीलंकेविषयी मात्र लिहितो.

श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली आणि भातशेतीचा हंगाम बिघडला. वर्षभरानंतर, एप्रिल २०२२ मध्ये, परकीय कर्जाचे हप्ते आपण फेडू शकत नाही असे सरकारला जाहीर करावे लागले. पेट्रोल, गॅस, औषधे आणि वीज या चारही गोष्टी एकाच काळात आटल्या. पेट्रोलच्या रांगेत रिक्षावाला उभा होता आणि डॉक्टरही उभा होता. सिंहली उभा होता, तमिळ उभा होता. ती रांग गटसचिवांनी वर्णिलेल्या रांगेसारखी नव्हती. तेथे प्रत्येकाच्या नावापुढे वेगळा रकाना नव्हता, टाकी सगळ्यांसाठीच रिकामी होती. शिवाय लोकांना देण्यासाठी सरकारच्या तिजोरीतच काही उरलेले नव्हते, त्यामुळे एका गटाला थोडे देऊन शांत करावे आणि दुसऱ्याला थांबायला सांगावे, हा रोजचा उपायही संपला होता. श्रीलंकेत त्या काही महिन्यांपुरते सगळे तुकडे पुन्हा एका पेटीत आले, आणि पेटी कोणाच्या घरात आहे हे सगळ्या देशाला दिसत होते.

दिल्लीच्या वेशीवरचे आंदोलनही मला असेच वाटते. सप्टेंबर २०२० मध्ये तीन कृषी कायदे झाले, २६ नोव्हेंबर २०२० पासून शेतकरी सिंघू आणि टिकरीला बसले आणि १९ नोव्हेंबर २०२१ रोजी ते कायदे मागे घेण्याची घोषणा झाली. पंजाबात गहू आणि भात ही दोन पिके, त्यांची सरकारी खरेदी, तीच मंडी आणि तोच आडत्या असे जवळजवळ सर्वांचे सारखे असते. पाठीशी गुरुद्वारा आणि लंगर होता, गावागावांनी पाळ्या लावून माणसे पाठवली. आपल्याकडे ऊस, कापूस, सोयाबीन, कांदा, द्राक्ष, तूर, प्रत्येकाचा भाव पडण्याचा महिना वेगळा. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यात बंद झाली तेव्हा लासलगाव पेटून उठले होते, पण त्या आठवड्यात लातूरचा सोयाबीनवाला आपल्या भावाच्या विवंचनेत होता.

चाकणचे उदाहरणही आठवावे. शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९८० साली कांद्याचे आंदोलन तेथे उभे केले, तेव्हा पीक एक होते, बाजार एक होता आणि पुणे-नाशिक रस्ता बाजाराच्या अंगणातून जात होता. शेतकऱ्याने आपल्या दुःखाचे नेमके ठिकाण हाताने दाखवावे, असे स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्रात फार थोड्या वेळा घडले आहे.

---

पऱ्हाटी:

मी यवतमाळ जिल्ह्यातली आहे. वरची सगळी चर्चा पुरुषांच्या नावावरच्या कर्जाची चालली आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

आमच्या भागात गेल्या काही वर्षांत बायकांच्या नावावर कर्ज देणाऱ्या कंपन्या घरोघरी आल्या. त्यांना जमीन लागत नाही, तारण लागत नाही. त्यांना लागतो तो गट. पाच ते दहा बायका एकमेकींसाठी जामीन राहतात. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, एकीच्या अंगणात बैठक होते आणि हप्ता गोळा होतो. एखादीकडे पैसे नसले तर वसुलीचा माणूस फार बोलत नाही, तो फक्त बसून राहतो. उरलेल्या नऊ जणींना मजुरीला जायचे असते, ऊन वर चढत असते, आणि मग त्याच तिला बोलू लागतात. मी त्या अंगणात बसलेली आहे. ज्या बायकांनी मिळून त्या माणसाला उठवून लावायला हवे होते, त्याच बायका एकमेकींच्या वसुलीदार झालेल्या मी पाहिल्या आहेत, आणि मी स्वतःही एकदा एकीला बोलले आहे. तिने त्या संध्याकाळी घरातले पितळी भांडे विकले. ते मला आजही बोचते.

भीमथडीकरदादा, तुम्ही लिहिले आहे की व्यवस्थेने पेटीचे तुकडे केले. आमच्याकडे त्याहून वेगळे झाले आहे. आमची एकी हेच आमचे तारण ठरले आहे. एकी मोडली की कर्ज बुडते, म्हणून एकी राखायची, पण ती कंपनीसाठी राखायची.

आत्महत्येनंतर काय होते तेही सांगते. तलाठी येतो, पंचनामा होतो आणि मग प्रकरण पात्र की अपात्र हे ठरते. माणसाच्या किंवा कुटुंबाच्या नावाने सातबारा आहे का, बँकेचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज होते का, वसुलीचा तगादा होता का, हे पाहतात. पात्र ठरले तर एक लाख रुपये मिळतात, त्यांतले तीस हजार रोख आणि सत्तर हजार ठेवीत. हातउसन्याचा कागद कोठून आणायचा? ठोक्याने, म्हणजे भाड्याने केलेल्या शेताचा सातबारा तिच्या नवऱ्याच्या नावाने कसा असेल? अशी विधवा दोन-तीन वर्षे कागद गोळा करत फिरते. तिच्याजवळ रागवायला वेळ नसतो.

येथे कोणी लाडकी बहीण योजनेतून महिन्याला मिळणाऱ्या दीड हजार रुपयांना लोकांचे तोंड बंद करण्याचा प्रकार म्हणेल, म्हणून आधीच सांगते. ते पैसे आमच्या खात्यात येतात, नवऱ्याच्या नाही, आणि त्यांतून मुलीची एसटीची फेरी आणि सासूचे औषध होते. ते मिळाल्यावर आमचे दुःख संपले असे आम्ही समजत नाही. साहेबराव करपे यांच्या कुटुंबाने १९८६ साली केलेल्या आत्महत्येची आठवण म्हणून १९ मार्चला अन्नत्याग करणारे लोक आमच्याकडे आहेत, मीही तो दिवस पाळते. त्या दिवशी आम्ही कोणाविरुद्ध घोषणा देत नाही, पण गावातल्या किती घरांत चूल पेटली नाही हे एकमेकींना विचारतो.

---

मोडीवाचक:

धागाकर्त्यांच्या मांडणीत एक उणीव राहिली आहे, ती लिहून ठेवतो. १८७५ च्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने नोंदवले आहे की हल्ले जवळजवळ सर्वच्या सर्व मारवाडी आणि गुजर सावकारांवर झाले आणि जेथे ब्राह्मण किंवा इतर स्थानिक सावकार होते तेथे त्यांना सहसा धक्का लागला नाही. व्याज सगळेच घेत होते. सारा तर सरकारने वाढवला होता, पण मामलेदार कचेरी जाळायला कोणी गेले नाही. म्हणजे चेहरा हाताच्या अंतरावर होता म्हणून लोक उठले हे खरे असले, तरी जो चेहरा जवळ असतो तोच मुख्य अपराधी असतो असे नाही. जो परका आहे, ज्याला गावात भावकी नाही, ज्याच्या बाजूने पाटील उभा राहणार नाही, तो सर्वांत आधी जवळ दिसतो. आज जेव्हा कर्जाचा आणि बेरोजगारीचा राग शेजारच्या जातीवर वळवला जातो, तेव्हा मला त्या नोंदीची आठवण होते. उठाव होत नाहीत याचे दुःख करताना जे उठाव झाले ते कोणावर झाले, हेही विचारले पाहिजे.

सुप्याच्या आधीचे कर्ड्याचे प्रकरण मला अधिक शिकवणारे वाटते. शिरूर तालुक्यातल्या कर्ड्यात १८७४ च्या अखेरीस एका सावकाराने गावातल्या देशमुखावर हुकूमनामा बजावला. गावाने त्यावर सावकाराला वाळीत टाकले. न्हाव्याने हजामत केली नाही, पाणक्याने पाणी भरले नाही, त्याच्या जमिनी कसायला कोणी तयार झाले नाही. एकही काडी न पेटवता त्या माणसाला गाव सोडणे भाग पडले. हे जमले कारण सावकाराला जगण्यासाठी गावाची गरज होती. आजच्या वित्तसंस्थेला न्हावी लागत नाही आणि पाणीही लागत नाही. बहिष्काराचे हत्यार बोथट झाले आहे, आणि माझ्या मते जाळपोळीच्या हत्यारापेक्षा ते गमावणे अधिक नुकसानीचे आहे.

शेवटी, १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा. त्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ हिशेब तपासण्याचा अधिकार दिला आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. कुणब्याला खरा दिलासा मिळाला आणि त्याची लढाई बाजारातून कोर्टात गेली. त्याच वर्षी वासुदेव बळवंत फडके रामोश्यांना घेऊन बंडाला उभे राहिले. शेतकरी त्यांच्या मागे लोंढ्याने आले नाहीत. कायदा त्या वर्षाच्या अखेरीस आला, त्यामुळे त्याचा हा परिणाम म्हणता येणार नाही, पण नुकताच दुष्काळातून वाचलेला कुणबी कोणत्या मनःस्थितीत होता हे त्यातून कळते.

---

सुरगाण्याची वाट:

मार्च २०१८ मध्ये मी नाशिकहून मुंबईला चालत गेलेल्यांपैकी आहे. ६ तारखेला निघालो आणि १२ तारखेला पहाटे आझाद मैदानात पोहोचलो, सुमारे १८० किलोमीटर. शेवटच्या रात्री मुक्काम न करता आम्ही चालत राहिलो, कारण सकाळी दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची वाट अडू नये असे ठरले होते. आमच्यातल्या पुष्कळ आयाबायांच्या पायांची सालटी निघाली होती. रस्त्याच्या कडेला मुंबईचे लोक पाणी, बिस्किटे आणि चपला घेऊन उभे होते, ते मी विसरणार नाही.

आमच्या भागात हे का जमले, ते वरच्या चर्चेमुळे मला प्रथमच नीट उमगले. आमची मुख्य मागणी वनजमिनीची होती. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या कसतो ती जमीन वनखात्याच्या नावावर आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने आमचे दावे दाखल करून घेतले असले, तरी ते एक तर फेटाळले गेले किंवा चार एकर कसणाऱ्याच्या हातात काही गुंठ्यांचा कागद पडला. पाड्यावरच्या प्रत्येक घराचे दुःख एकच, समोर खाते एकच. शिवाय बँक आम्हाला कर्जच देत नव्हती, कारण सातबारा नव्हता. तुमच्या भागात ज्या कर्जांनी माणसे वेगळी केली, ती कर्जे आमच्यापर्यंत पोहोचलेलीच नव्हती. हे भाग्य म्हणावे की काय, मला ठाऊक नाही.

सरकारने त्या दिवशी मागण्या लेखी मान्य केल्या आणि आम्ही परत आलो. मार्च २०२३ मध्ये आम्हाला पुन्हा चालावे लागले, त्या वेळी वासिंदपर्यंत गेलो आणि पुन्हा आश्वासन घेऊन थांबलो. दोन्ही वेळा काही घरांना कागद मिळाले आणि काहींना मिळाले नाहीत. ज्यांना मिळाले त्यांतले काही जण दुसऱ्या वेळी आले नाहीत. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या घरातला एक माणूस पहिल्या खेपेला चालला होता.

---

भीमथडीकर:

पऱ्हाटीताई, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्याने वाचून दाखवला. एकी हेच तारण झाले, हे माझ्या मांडणीत नव्हते आणि ते असायला हवे होते. मोडीवाचक, परक्या चेहऱ्याविषयीचा आपला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. मी त्या दंग्याची गोष्ट लहानपणापासून अभिमानाने ऐकली, म्हणून ती बाजू माझ्या लिहिण्यातून गळली.

गटसचिवकाका, तुम्ही भावकीविषयी लिहिले त्यावरून गेल्या रविवारी मी आजोळी जाऊन थोरल्या मामांना सरळ विचारले की आज गावाने रोखे जाळायचे ठरवले तर माणसे कोठे जातील? मामा बराच वेळ गप्प राहिले आणि मग बोटांवर मोजू लागले. सोसायटी गावातच आहे, पण तिचे दप्तर आता संगणकावर आहे. राष्ट्रीयीकृत बँक तालुक्याला. सोने बाजारपेठेतल्या पतसंस्थेत, आणि तिचा संचालक मामींचा भाऊ. ट्रॅक्टरच्या कंपनीचे कार्यालय कोठे आहे ते त्यांना सांगता आले नाही, हप्ता खात्यातून आपोआप कापला जातो. कृषी सेवा केंद्र धाकट्या मामांच्या मुलाचे आहे, त्याची खतांची उधारी गावात थकली आहे आणि त्यासाठी त्याने स्वतःच्या घरावर कर्ज काढले आहे.

मामांनी तेवढ्यावर मोजणे थांबवले, आणि धाकट्याच्या पोराचे या खरिपापुरते तरी आधी भागवले पाहिजे, असे म्हणून ते गुरांना पाणी दाखवायला उठले.